गाव संघातून निघालं तो आश्विन

दिल्लीत आश्विन लागला की फळबाजारातल्या आमच्या गाळ्याला खानदेशाचा वास सुटतो. मालधक्क्यावरून आलेले केळीचे घड उतरतात, त्यांच्यामध्ये कोंबलेली सुकी पत्ती फरशीवर पडते, आणि तिच्यातून उन्हात तापलेल्या काळ्या मातीचा, चिकाचा, थोडा आंबूस वास येतो. इथली माणसं नाक मुरडतात. मी ती पत्ती लगेच झाडू देत नाही. नवरात्रात अर्धं शहर उपास धरतं, केळ्याला मान येतो, गिऱ्हाईक गोड बोलतं. आमच्या धंद्याचे हे सणाचे दिवस. मला मात्र या दिवसांत जेवण जात नाही. थेट दिवाळीपर्यंत. सहा वर्षं झाली त्याला.

यंदा जूनमध्ये रेडिओवर आलं की इंग्लंडच्या लोकांनी मतं टाकली. शेजारच्या देशांनी मिळून केलेल्या सामायिक बाजारात राहायचं की बाहेर पडायचं, असा प्रश्न. दोनच वर्षांपूर्वी आत गेले होते, तेवढ्यात त्यांना कोंडल्यासारखं झालं. शेजारच्या गाळ्याचा मुनीम पेपर पसरून मला समजावत होता: बाहेर पडले तर जकात कशी बसेल, माल कुठे अडेल, सरकार कसं डुगडुगेल. मी म्हटलं, "मुनीमजी, मला सांगू नका. मी हे सगळं भोगून आलोय." त्याला वाटलं मी थट्टा करतोय. पुढे कळलं, इंग्लंडवाले राहिले. शहाणे लोक. किंवा त्यांच्यात लोटनभाऊ नसेल.

आमच्यात होता.

चोपड्याकडून सातपुड्याकडे तोंड केलं की जी गावं लागतात त्यांतलं एक आमचं. तशा सोळा गावांचा मिळून केळी संघ. मी सातवीतच, व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेआधी, शाळा सोडली. हिशेब बरा आणि अक्षर वळणदार, एवढ्या भांडवलावर संघाने मला दिल्लीला आपला माणूस म्हणून ठेवलं. वॅगन आली की दार उघडून माल बघायचा, लिलावाला उभं राहायचं, भाव कळवायचा. शाळा सोडलेल्याला याहून मोठं काय मिळणार होतं? संघाच्या उपकाराचं ओझं मी आजही उतरवून ठेवलेलं नाही. पण संघाचा एक नियम होता: नोकर हा सभासद गावातलाच हवा. माझं गाव संघात, म्हणून मी दिल्लीत. इतकं सरळ.

संघ म्हणजे तरी काय? लोकांना वाटतं भाव. भाव नाही, वेळ. कापलेला घड थांबत नाही. आज कापला, आज वॅगनमध्ये गेला तर दिल्लीत हिरवा उतरतो. दोन दिवस धक्क्यावर पडला तर आतून पिवळा व्हायला लागतो, आणि एक पिवळा घड शेजारच्या दहांना पिवळं करतो. वॅगन एका दिवसात भरली पाहिजे, ती पण एकाच दिवशी कापलेल्या मालाने. एका गावात एवढी केळी एका दिवशी तयार नसते. सोळा गावांत असते. संघाचं सगळं शास्त्र एवढंच. त्याला पदवी लागत नाही. मला आलं होतं, म्हणजे कोणालाही आलं असतं.

त्या वर्षी मला कावीळ झाली. संघाने तीन महिन्यांची रजा देऊन घरी पाठवलं. श्रावणात आलो. ताक-भात, उसाचा रस, ओट्यावर बसून राहणं. शेतांतून केळीची पानं वाऱ्याने फाटण्याचा आवाज यायचा, जाड कापड कोणी सावकाश टरकावावं तसा. ऊन तिरपं आलं की पानामागची सावली हिरवी पडायची. तापीकडून उकाडा चढायचा. आईच्या लुगड्यावर चिकाचे काळे डाग होते, आणि ते कुठल्याच साबणाने जात नाहीत हे मला दिल्लीत राहून विसरायला झालं होतं. इतकं निवांत मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो. त्यामुळेच असेल, गाव कसं बिघडत गेलं ते मला पहिल्यापासून बघायला मिळालं.

लोटनभाऊ म्हणजे गावातला मोठा बागाईतदार. मान मोठी, आवाज त्याहून मोठा. संघाच्या निवडणुकीत तो पडला होता. पडलेल्या माणसाला अचानक न्याय दिसायला लागतो. भाद्रपदात त्याने मारुतीच्या पारावर सभा बोलावली.

"आपला घड दखा," भाऊ म्हणाला. शेजारी त्याने खरंच दोन घड टांगले होते. "मांडीसारखा शे. आनि त्या वढापल्याडवाल्यासना? बोटसारखा. दोन्हीसले एकच भाव. हाई न्याय शे का?"

"नही," पारावरून आवाज आला.

"आपली केळी शे. आपला भाव आपुन ठरावसूत. संघ कोन व्हस आमले सांगनारा?"

टाळ्या. ओढ्यापलीकडच्या गावातून पारावरच्या प्रत्येक घरात एकेक सून आलेली होती, पण त्या दिवशी ते लोक बोटाएवढ्या केळीचे झाले.

मी उठलो. दिल्लीत वॅगनचं दार उघडताना जे बघितलं होतं तेवढंच सांगायचं होतं. "भाऊ, वॅगन एका दिवसात..." एवढंच तोंडातून निघालं.

"तू बस भो," भाऊ हसत म्हणाला. "तुना पगार संघ देस. तू संघनंच गानं म्हनशी."

लोक हसले. आणि मी बसलो. सभेत एकटा मी होतो ज्याने पिकून वाहणारी वॅगन डोळ्यांनी पाहिली होती, आणि मी बसलो. भाऊचा तिरस्कार करायला मला कधीच कष्ट पडले नाहीत. पण त्या दिवशी खाली बसलेल्या माणसाची आठवण आली की भाऊसुद्धा जरा बरा वाटतो. तो निदान उभा होता.

बोलले ते हस्तीमलशेठ. गावात त्यांचं किराण्याचं आणि खताचं दुकान. आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठची बोली आमच्यापेक्षा खानदेशी. ते पाराच्या खालीच, चपला न काढता उभे होते.

"भाऊ, मी यापारी मानूस. माले एकच सांगा. एक दिनमा वॅगन भराई का?"

"शेठ, तुम्ही दुकान संभाळा. गाव आम्ही संभाळतस."

"संभाळा ना. गाव मनं गिऱ्हाईक शे, म्हनीसन इचारं." शेठ छत्री उघडून निघून गेले. ऊन होतं म्हणून उघडली की हसू लपवायला, मला कळलं नाही.

मग संघातून निघायच्या बाजूने हात वर करायला सांगितले. जमीन ज्याच्या नावावर त्याचा हात. आमच्याकडून आबा, म्हणजे माझे वडील. मी मान वळवून बघितलं. आबांचा हात वर होता. फार वर नाही. कानाजवळ माशी हाकलताना जातो तेवढा. पण वर.

घरी आल्यावर आईनेच विचारलं, "हात काबरं वर कया? पोरगानी नोकरी जाई ना."

"बठ्ठासनी कया, सारा गावनी," आबा पाण्याचा तांब्या शोधत म्हणाले. "मी एकला काय हात खाले धरी बसू? आनि भाऊ म्हने, काही जात नही."

मी ताक-भाताचं ताट पुढे ओढलं. काविळीत राग करू नये म्हणतात.

इंग्लंडात निदान प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, पडद्याआड, कागदावर. शेजारचा हात बघून आपला हात उचलायची सोय नव्हती. आमच्याकडे लोकांनी एकमेकांकडे पाहून स्वतंत्र व्हायचं ठरवलं.

त्यानंतर जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं. घटस्थापनेला दिल्लीच्या ताटात केळं हवं, म्हणून संघ दर वर्षी पितृपक्षातच कापणी करतो. माल चार-पाच दिवसांनी पोचतो, दोन-तीन दिवस कोठीत पिकतो, घट बसतात तेव्हा बाजारात पिवळा होऊन उभा राहतो. हे गावाला माहीत होतं. पण आता हे संघाचं काम नव्हतं, गावाचं नवं काम होतं. आणि नवं काम पितृपक्षात? लोटनभाऊंनी भटजींना विचारलं. भटजींनी तेच सांगितलं जे ते कोणालाही सांगतात. ठरलं: पहिली कापणी घटस्थापनेच्या मुहूर्तावर, वाजतगाजत.

पंधरा गावांची केळी पितृपक्षात कापली गेली, भरली गेली, निघाली. आमची केळी झाडावर उभी राहिली आणि तिच्यासमोर आम्ही. दिल्लीचं नवरात्र आमच्याशिवाय बसलं. इकडे आमच्या गावात हळद-कुंकू लावलेल्या कोयत्याने लोटनभाऊंनी पहिला घड कापला, नारळ फुटला, ताशा वाजला, आणि सगळं गाव एकाच दिवशी शेतात घुसलं. मुहूर्त चुकायला नको म्हणून अर्धाकच्चा मालही उतरवला.

आता तो न्यायचा कुठे? जवळच्या स्टेशनवरचा धक्का संघाच्या नावे बांधलेला. आम्हाला नरडाण्याचं लांबचं स्टेशन. शिरपूरवरून, तापी ओलांडून, भाड्याचे दोन ट्रक फेऱ्या मारत राहिले. एक ट्रकवाला नरडाणा चुकून पुढे गेला तो सोनगीरचा किल्ला दिसल्यावर परत फिरला. मीही एका ट्रकमागे बसून गेलो होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. धक्क्यावर पोचलो तर माल होता, वॅगन नव्हती. स्टेशनमास्तर म्हणाले, "संघाचं ठरलेलं मागणीपत्र असतं. तुमचं आज आलं. लागेल परवा."

तो परवा अजून माझ्या नाकात आहे. आश्विनाचं ऊन, धक्क्यावरचा पत्रा तापलेला, आणि त्याखाली गावाची सगळी अब्रू उभी करून ठेवलेली. पहिल्या दिवशी घड हिरवे. दुसऱ्या दिवशी देठाजवळ उजळलेले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक गोड, गुदमरवणारा वास, मधमाश्यांचा घूं, आणि कुठूनतरी आलेल्या शेळ्या. गावातली माणसं एकमेकांकडे न बघता शेळ्या हाकत होती.

वॅगन आली. हमालांचा मुकादम म्हणाला, "भाऊ, हे भरू नका. पोचणार नाही."

"पिवळी व्हयनी त काय?" लोटनभाऊ म्हणाले. "दिल्लीवाला पिवळीच खातस. भर."

भरली. दिल्लीत माझ्या जागी काम बघणाऱ्याचं पत्र आलं: दार उघडलं तेव्हा आधी रस आला, मग माश्या, मग केळी. बाजार आधीच भरलेला. वॅगन धुवायला माणसं लावावी लागली आणि तो खर्च गावाच्या नावे पडला. आपला भाव आपण ठरवणार होतो. पहिल्याच खेपेला दिल्लीने उलट आमच्याकडेच पैसे मागितले.

गावाने विचार केला नसेल असं नाही. विचार झाला आणि दोष सापडला. रेल्वेवाले संघाला मिळाले. भटजींनी वेळ दोन घटका चुकवली. आणि शेवटी, पारावर एकाने माझ्याकडे बोट करून सांगितलं, "हाऊ पिवळा डोळासना मानूस तीन दिन धक्कावर उभा. घड पिवळा व्हतीन नही त काय?" लोकांना ते पटलं. मलाही क्षणभर पटलं, इतक्या गंभीरपणे ते सांगितलं गेलं.

मग ओढा सुरू झाला. आमच्या आणि पलीकडच्या गावाच्या मध्ये एक ओढा आहे, दिवाळीनंतर त्यात गुडघाभरही पाणी नसतं. अलीकडे कापलेल्या घडाला कोणी विचारत नव्हतं, पलीकडे नेला की तो संघाचा. माणसं घड खांद्यावर घेऊन सासुरवाडीला निघाली. भरदुपारी. एका ओढ्याने केळीचं गोत्र बदलायचं. संघाने ते हेरलं आणि पलीकडच्या काठावर खाट टाकून एक माणूस बसवला. तो प्रत्येक गाडी थांबवून विचारायचा, घड कोणत्या शेतातला. ज्या ओढ्यात आम्ही लहानपणी पोहलो, गुरं पाजली, तिथे आता चौकी. सुनेला माहेरून आलेला दिवाळीचा करंडासुद्धा त्याने एकदा उघडून बघितला. खालची आळी तर म्हणायला लागली की आम्ही हात वर केलेच नव्हते, आम्हाला वेगळं संघात घ्या. एका गावाची दोन गावं व्हायची वेळ आली.

आणि चौकीवर सर्वात जास्त घड कोणाचे पकडले गेले? मांडीसारखे होते, ओळखायला वेळ लागला नाही. लोटनभाऊंचे व्याही पलीकडचेच. भाऊ म्हणाले, लेकीला खायला पाठवले होते. एवढी केळी खाऊन ती लेक अजून जिवंत आहे हे त्या कुळाचं पुण्य.

माझी रजा संपत आली होती. दिल्लीला जायचं की नाही, हेच ठरत नव्हतं. मी चोपड्याला संघाच्या कचेरीत गेलो. नाना तिथले चिटणीस. धोतर, जाड चष्मा, बोलणं कमी. त्यांनीच मला दहा वर्षांपूर्वी निवडलं होतं.

"तुझ्या गावच्या सभेला होतास?" नानांनी कागदावरून मान न उचलता विचारलं.

"होतो."

"बोललास?"

"नाही, नाना. बसवलं."

"बरं झालं. बोलला असतास तर गावाने वाळीत टाकलं असतं. आता फक्त संघ काढणार." मग त्यांनी चष्मा काढला. "नियम नियम आहे. तुझं गाव बाहेर, तू बाहेर. कमिटीत तीन जणांनी हे लेखी दिलंय."

मी उभाच होतो. दिल्लीची खोली, तिथे ठेवलेली बायको, शाळेत घातलेला मुलगा, सगळं त्या टेबलाच्या कडेवर येऊन थांबलं होतं. मी म्हटलं, "नाना, मला दुसरं काही येत नाही."

"ते मला माहीत आहे," नाना म्हणाले. "म्हणूनच तुला ठेवला होता. ज्याला दुसरं येतं तो वॅगनकडे नीट बघत नाही." त्यांनी एक कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: सदर इसमास पुढील आदेश होईपर्यंत, एकेक महिन्याच्या मुदतीने, तात्पुरते ठेवावे. "याच्यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही."

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांना ते आवडलं नाही.

तेव्हापासून मी महिन्याचा माणूस आहे. तीस तारखेला पोस्टमन गल्लीत शिरला की बायको स्वयंपाक थांबवते. मुदतवाढीचं पत्र कधी उशिरा आलं, पण आलं. नाना होते तोवर आलं. कोणाला हसू येईल, पण नानांची ती एकओळी पत्रं मी जपून ठेवली आहेत. माझ्याबद्दल कोणी लिहिलेलं तेवढंच आहे.

दोन हंगाम गाव बाहेर राहिलं. काही बागा मोडून कापूस लागला. मग एक दिवस गावाने संघाला अर्ज केला. संघाने घेतलं, आपल्या अटींवर: तीन वर्षं मत नाही, आणि वॅगनमध्ये माल शेवटी लागेल. सोळांतलं एक होतं ते गाव पंधरांच्या मागे जाऊन उभं राहिलं. आबांनी पत्रात कळवलं की लोटनभाऊ सही करून आले तेव्हा गावाने त्यांना वेशीवरून मिरवत आणलं. भाऊ बैलगाडीत उभे राहून म्हणाले, संघ नमला. आबा पुढे लिहितात, "गर्दी मोप व्हती." आबाही गेले असणार. बठ्ठे गेले म्हणजे आबा गेले.

भाऊंचं काही बिघडलं नाही. असल्या माणसांचं कधीच बिघडत नाही. ते पडतात ते दुसऱ्यांच्या अंगावर. तीन वर्षं सरली, गावाला मत मिळालं, आणि गावाने संघावर आपला प्रतिनिधी म्हणून कोणाला पाठवावं? बागा मोडलेल्या लोकांनी ज्याच्यामुळे मोडल्या त्यालाच. आता त्यांना जिल्हा परिषद दिसते आहे. संघाचं महत्त्व या विषयावर ते फार सुंदर बोलतात म्हणे.

या उन्हाळ्यात नाना निवृत्त झाले. जाण्याआधी त्यांनी माझं प्रकरण कमिटीपुढे ठेवलं: गाव परत आत आहे, या माणसाला कायम करा. कमिटीच्या सह्या झाल्या. एक सही माझ्या गावच्या प्रतिनिधीची लागत होती. ती दोन महिने राहिली. मी रोज घड मोजत होतो आणि रोज चुकत होतो. मागच्या आठवड्यात, पहिल्या वॅगनच्या दिवशी, कायम झाल्याचं पत्र आलं. त्याच पाकिटात एक चिठ्ठी, लोटनभाऊंच्या अक्षरात. "तुझी नोकरी आम्ही राखली. गावचं पोर आहेस, गाव कसं विसरेल. दिवाळीला आलास की भेटून जा."

बायकोने देवापुढे साखर ठेवली. मुलाने विचारलं, कायम म्हणजे काय. मी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी केली, उघडली. सहा वर्षं मी या माणसासाठी मनात शब्द साठवत होतो; दिल्लीत राहून दोन भाषांमधले साठवले होते. गाळ्यावर कोणी नव्हतं. शाई चांगली होती. मी कागद घेतला, वर श्री काढला, आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: "ती. लोटनभाऊंना शिरसाष्टांग नमस्कार. आपले उपकार जन्मभर विसरणार नाही."

टपालात टाकलंसुद्धा.